निवृत्तीनंतरची रात्रपाळी

‘घरी बसून काय करायचं?’ हे वाक्य आपल्या वस्त्यांत अलीकडे फार ऐकू येते. कारखान्यातून, पालिकेतून, एखाद्या कार्यालयातल्या शिपाईगिरीतून अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी रिटायर झालेला माणूस चार-सहा महिने घरी राहतो आणि मग एखाद्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमनचा शर्ट घालून उभा दिसतो. झाडू खात्यात तीस वर्षे काढलेल्या मावशी ठेकेदारामार्फत हाउसकीपिंगला जाऊ लागतात. घरचे लोक सांगतात, ‘त्यांना हौस आहे, ऐकत नाहीत.’

हौस असेलही. पण या हौसेमागे काय असते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. खासगी कंपनीत काम केलेल्यांची ईपीएस-९५ ची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. एवढ्यात गॅसची टाकी आणि थोडी भाजी येते. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती. ठेकेदाराकडे आयुष्य गेले त्यांना तर निवृत्ती हा शब्दच लागू होत नाही. फंडाचे पैसे मुलीच्या लग्नात, घराच्या पत्र्यात, नाहीतर जुन्या कर्जात जातात. मुलगा शिकलेला असतो, पण त्याची नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटाची. मग बापाने पुन्हा डबा भरायचा.

दुसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा रिटायर माणसाने बसायचे कुठे? सुनेला मोकळेपणा हवा, नातवंडांचा अभ्यास, टीव्ही, पाण्याची वेळ. टॉवरमधल्या निवृत्तांना बाल्कनी असते, चालायला बाग असते. आपल्या माणसाला ओटा असतो आणि पानाची टपरी. तिथे दिवसभर तंबाखू मळत बसण्यापेक्षा काम बरे, असे तो म्हणतो तेव्हा त्याचे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. चार माणसांत राहिल्याने, अंग हलते ठेवल्याने म्हातारपण सुसह्य होते. आमचा विरोध कामाला नाही. साठीच्या पुढच्या माणसाने बारा तासांची रात्रपाळी धरण्याला आहे, आणि ती धरताना घरातल्या कोणीही ‘तास किती?’ असे न विचारण्याला आहे.

रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी, जाण्या-येण्याचा वेळ वेगळा, आठवड्याची सुट्टी बहुतेक ठिकाणी नाही. बारा साते चौऱ्याऐंशी तास. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती मांडली आणि १९४६ साली आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. तो कायदा कारखान्यांसाठी होता, फाटकावरच्या वॉचमनसाठी नव्हे. पण शरीर तेच आहे. जे ओझे तरण्या कामगाराला जास्त ठरले, त्याच्या दीडपटीहून अधिक ओझे आज आपले आजोबा उचलतात आणि आपण म्हणतो, ‘नुसतं खुर्चीवर तर बसायचं असतं.’

खुर्चीवर बसायचे असते हे खरे, पण रात्रभर जागे बसायचे असते. रात्रीच्या झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला विसावा मिळतो. तो विसावा दिवसाच्या झोपेतून पुरता मिळत नाही, त्यात दिवसाची झोप पत्र्याखालची. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापला की तरुणालाही झोप येत नाही. दोन-तीन तास डोळा लागतो तोच नळ येतो किंवा कोणी हाक मारते. रात्री झोप उडवायला साखरेचा चहा आणि विडी. वर्षभर असे चालले की बीपी गोळीला दाद देत नाही, आणि आपण म्हणतो सरकारी गोळी हलकी असते. गोळी हलकी नसते, झोप हलकी असते.

मधुमेहाच्या गोळ्यांबाबत तर जपायलाच हवे. चिठ्ठीवर ‘सकाळी नाश्त्याआधी’ लिहिलेले असते. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो, गोळी घेतो आणि दमून न खाताच आडवा होतो. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असे झाले की साखर धोक्याच्या खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस भलतेच बडबडतो किंवा उठवून उठत नाही. घरच्यांना वाटते, दमलेत, झोपू द्या. झोपू देऊ नका. हलवून पाहा. गिळता येत असेल तर साखरेचे पाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना ‘रिटायर आहेत’ एवढेच सांगू नका, रात्रपाळी करतात हे सांगा. गोळ्यांच्या वेळा ते बदलून देतील. आपल्या मनाने बदलू नका.

बायांचे हाल निराळे. हाउसकीपिंगच्या कामावर बाईने वापरावे असे संडास तीच धुते, पण तिला तो वापरू देतीलच असे नाही. म्हणून ती पाणी पीत नाही, लघवी धरून ठेवते, आणि मग जळजळ, ताप. गुडघे गेलेले असतात ते वेगळेच. संडास लवकर स्वच्छ व्हावा म्हणून ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकायला लावतात, त्यातून विषारी वायू निघतो. ज्यांच्या छातीत तीस वर्षांची धूळ बसली आहे त्यांनी हे मुळीच करू नये, मुकादम ओरडला तरी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. आणि ही मावशी संध्याकाळी घरी येऊन नातवंडांचे बघते, भाकऱ्या थापते. त्या कामाला तर सुट्टीचा दिवसच नाही.

घरातल्या कमावत्या मुला-मुलींना आमचे सांगणे आहे. आईबाबांचा पगार घरखर्चात धरत असाल, तर ते काम ठरवतानाही सोबत जा. आठ तासांची दिवसपाळी मिळत असेल आणि पैसे दोन-तीन हजारांनी कमी असतील तर तीच घ्या. ती तूट तुम्ही भरा. बारा तासच असतील तर जादा तासांचे पैसे दुप्पट दराने मागा.

पगारपत्रकावर ईएसआयसी कापली जाते का तेही बघा. लागू असलेल्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला तो हक्क आहे, आणि साठी ओलांडली म्हणून तो जात नाही. १२,००० पगारातून ९० रुपये कापले जातात, मालक ३९० भरतो, आणि घरच्यांसह उपचार मिळतात. ज्यांनी किमान ५ वर्षे ईएसआयसीत काढून वयानुसार निवृत्ती घेतली, त्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला उपचार चालू ठेवता येतात. पुष्कळांनी हे कार्ड निवृत्तीच्या दिवशी कपाटात टाकले ते पुन्हा काढलेच नाही. ते शोधा. सत्तरी पूर्ण झालेल्यांचे आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता निघते, तेही काढून घ्या.

रविवारी विहारात बीपी मोजून घेताना रात्रपाळीवरून थेट येणाऱ्यांनी आधी पाच मिनिटे शांत बसावे. त्याआधी अर्धा तास चहा, विडी नको. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून बरोबर आणाव्यात, संपलेल्या पाकिटांसह.