बाई घरी सांगतील का?

दोस्तांनो, शाळेत समुपदेशक बाई आल्या (किंवा सर आले) की पहिली अफवा ठरलेली : “ज्याचं डोकं फिरलंय, त्यालाच तिथं पाठवतात.” ती सोडून द्या. दुसरी मात्र जास्त त्रासदायक : “तिथं बोललेलं सगळं मुख्याध्यापकांच्या कानावर जातं.” तिच्यापायी कितीतरी मुलं त्या दारापर्यंत जाऊन परत फिरतात.

समजा, सहामाहीत गणितात दांडी उडालीय आणि प्रगतिपुस्तक घरी दाखवायची छाती होत नाही. किंवा मधल्या सुट्टीत डबा खायला कुणी सोबत घेत नाही. हे तुम्ही बाईंना सांगितलंत, तर ते एरवी त्यांच्याजवळच राहतं. त्या उपदेशाचे डोस पाजत नाहीत (नावातच ‘उपदेश’ आहे, त्याला इलाज नाही!). आधी ऐकून घेतात, मग विचारतात, “तू आजवर काय करून पाहिलंस?” आईशी बोलताना पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं, याची चक्क तालीमही तिथं करता येते.

पण प्रत्येक गुपित त्या पोटात ठेवत नाहीत, ठेवूही नये. स्वतःला इजा करून घ्यावीशी वाटत असेल, कुणी मारहाण करत असेल, नको तिथं हात लावत असेल, तर त्यांना इतरांची मदत घ्यावीच लागते. लैंगिक अत्याचार तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावाच लागतो. चांगल्या समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगून टाकतात. नाही सांगितलं, तर तुम्हीच विचारा, “मी बोललेलं कुणाकुणाला कळेल?” यात उद्धटपणा मुळीच नाही.

आईबाबांनो, मूल तिथून आलं की “काय काय विचारलं गं?” अशी उलटतपासणी नको. गरम पोहे द्या. सांगायचं ते सांगेल.

आणि शाळेत समुपदेशकच नसतील तर? शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये सांगितलंय. निकाल लागला म्हणून लगेच खोली उघडते असं नाही, पण पालकसभेत विषय काढायला काय हरकत आहे? तोवर दोन नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. १०९८ हा संकटातल्या मुलांसाठी आणि १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी, ‘टेलिमानस’चा. दोन्हींना पैसे पडत नाहीत. रात्री दोन वाजताही फोन करता येतो, आणि मराठीत बोलता येतं.