हापूसला जीआय मिळालं, मग नमनाला का नाही?

१४ नोव्हेंबर २०२४. न्यूझीलंडच्या संसदेत माओरी खासदार हाना-रावहिती मायपी-क्लार्क यांनी विधेयकाची प्रत फाडली आणि 'का माटे' हा हाका सुरू केला. तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. रत्नागिरीच्या नमन आणि जाखडीचे रील्सही भरपूर फिरतात. फरक एवढाच, की त्यात मंडळाचं नाव अनेकदा नसतं.

न्यूझीलंडने काय केलं?
२०१४ मध्ये फक्त या एका हाकासाठी कायदा झाला. चित्रपटात किंवा व्यावसायिक प्रकाशनात 'का माटे' वापरायचा असेल, तर त्याचे रचनाकार आणि न्गाती तोआ जमातीचे प्रमुख ते राउपराहा यांचा उल्लेख बंधनकारक आहे. मानधनाची मात्र या कायद्यात तरतूद नाही.

नमनाला जीआय का मिळत नाही?
जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. १९९९ च्या कायद्यानुसार ते वस्तूंना मिळतं: शेतमाल, खाद्यपदार्थ, हस्तकला. म्हणून २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला ते मिळालं, नंतर सावंतवाडीच्या गंजिफालाही मिळालं. पण गण, गवळण, संकासूर आणि वग असा रात्रभर रंगणारा खेळ ही वस्तू नाही. शिवाय 'का माटे'चा रचनाकार माहीत आहे. नमन पिढ्यान्‌पिढ्या गावागावांत घडत आलं, त्याचा एक कर्ता दाखवता येत नाही.

मग हातात काहीच नाही?
आहे. नमन हा प्रकार कुणाच्या मालकीचा नसला, तरी त्यातला प्रत्येक प्रयोग कलाकारांचा असतो. कॉपीराइट कायद्यात कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलाकार म्हणून आपलं नाव लावण्याची मागणी करण्याचा हक्कही दिला. शाहिराने नवं गाणं रचलं असेल, तर त्या गाण्याचा कॉपीराइट वेगळा.

अडचण अंमलबजावणीची आहे. नमन मंडळात शेतकरी असतात, शिमग्यापुरते मुंबईहून आलेले चाकरमानी असतात. कोर्टकचेरी त्यांना परवडणारी नाही. प्रयोगाची तारीख, कलाकारांची नावं आणि मूळ व्हिडिओ जपून ठेवला, तर निदान पुरावा तरी उरतो.

बाकीच्यांसाठी गोष्ट सोपी आहे: पुढच्या शिमग्यात रील टाकताना गावाचं आणि मंडळाचं नाव लिहायचं. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.