झटका गेला, हाय राहिली



ऊस विकास विभागाच्या माणसाने बेणे, खत आणि हुमणी यांवर लिहावे, ही आपली अपेक्षा बरोबरच आहे. आज मात्र ठरलेली वाट सोडून लिहितो. शिवारफेरीत अलीकडे एक गोष्ट वारंवार कानावर येते. बांधावर हमखास भेटणारा सभासद दिसत नाही. चौकशी केली की घरचे सांगतात, "दादांना झटका येऊन गेला. स्प्रिंग बसवलीय. रिपोर्ट चांगले आहेत, पण घराबाहेर पडत नाहीत."

छातीत जरा चमक आली की हात छातीवर जातो. रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही. घरची मंडळी मायेपोटी मोटार सुद्धा चालू करू देत नाहीत. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे. माणसाने हाय खाल्ली. माझे स्पष्ट मत असे की, ही हाय म्हणजे स्वभावाचा भित्रेपणा नव्हे. तो त्या दुखण्याचाच एक भाग आहे, आणि त्यावर उपचार मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

मी शेतकी डिप्लोमावाला माणूस, डॉक्टर नव्हे. पण जे अभ्यास झाले आहेत ते आपल्यापुढे ठेवतो. कॅनडातील माँट्रियल शहरात झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांची सहा महिने पाहणी झाली. तिचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात असतानाच ज्यांना खोल उदासीने घेरले होते, त्यांना सहा महिन्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे चौपट निघाला. हृदय किती दुबळे झाले आहे हे हिशेबात धरूनसुद्धा!

असे का व्हावे? एक तर उरलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, तंबाखू पुन्हा धरतो. दुसरे, भीती वाटली की अंगात ॲड्रिनलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतो, आणि जखमी हृदयावर ओझे पडते. तिसरे कारण रक्तातच असावे असे संशोधकांना वाटते. त्याचे नाव सेरोटोनिन.

हे द्रव्य १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे रक्तदाबाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी रक्तातून वेगळे काढले. ते रक्तवाहिनी आवळते, म्हणून हे नाव. पुढे ते मेंदूतही सापडले. झोप, भूक आणि मनाची अवस्था यांच्याशी त्याचा संबंध आहे. पण शरीरातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असते, आणि रक्तातले प्लेटलेटमध्ये. डेंग्यूत ज्यांचा आकडा आपण रोज विचारतो, त्याच या प्लेटलेट. जखम झाली की त्या तिथे गोळा होतात, साठ्यातले सेरोटोनिन सोडतात, आणि त्यामुळे आणखी प्लेटलेट येऊन चिकटतात. पायाला कोयता लागला तर हे उपकारक, कारण रक्त थांबते. हृदयाच्या अरुंद झालेल्या नळीत मात्र हीच गुठळी जिवावर बेतते.

इथे एक सावधगिरी. "सेरोटोनिन कमी झाले की माणूस उदास होतो" असे सरळ गणित काही जण मांडतात. माती परीक्षणात नत्र कमी दिसले की युरिया टाका, तसा हा हिशेब नाही. २०२२ साली आधीच्या संशोधनांची एकत्र छाननी झाली, तेव्हा या गणिताला ठोस पुरावा मिळाला नाही. तरीही सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी अनेकांना उतार पडतो, हेही खरे आहे.

झटक्यानंतर त्या चालतात का? २००२ साली ३६९ हृदयरुग्णांवरील चाचणीत सर्ट्रालिन या गोळीने हृदयाला अपाय झालेला दिसला नाही. २००३ साली अमेरिकेत २,४८१ रुग्णांच्या चाचणीत समुपदेशनाने उदासी कमी झाली, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. २०१८ साली दक्षिण कोरियातील ३०० रुग्णांचा निष्कर्ष आला. २४ आठवडे एस्सिटालोप्राम घेतलेल्यांपैकी ४०.९ टक्के लोकांना पुढच्या सुमारे आठ वर्षांत मृत्यू, पुन्हा झटका किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी यांपैकी काही ना काही घडले. नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांत हे प्रमाण ५३.६ टक्के होते. तात्पर्य, उपचाराने मन सुधारते याला आधार आहे. आयुष्य वाढते की नाही यावर एकमत नाही. पण उरलेले आयुष्य अंथरुणाला खिळून घालवायचे की शिवारात, हा प्रश्न काय लहान आहे?

म्हणून कोणी मेडिकल दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. झटक्यानंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतात. त्यात या गोळ्यांची भर पडली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. काही गोळ्या हृदयाचे ठोकेही बिघडवू शकतात. डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, आणि आपल्या मनाने एकदम बंदही करू नयेत. तसेच छातीत दुखले तर "मनाचा खेळ आहे" म्हणून घरी बसू नये. १०८ ला फोन करून तडक दवाखाना गाठावा. भीती की हृदय, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

दगदग नको म्हणून माणसाला खाटेला बांधून ठेवणेही बरे नव्हे. पूर्वी डॉक्टरच चार-सहा आठवडे झोपवून ठेवत. १९५२ साली डॉ. लेव्हिन आणि डॉ. लाऊन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवून दाखवले, आणि तिथून ही समजूत सैल झाली. आपल्या देशात २४ दवाखान्यांतील ३,९५९ रुग्णांची योगाधारित चाचणी झाली. मृत्यू आणि झटके यांत ठाम फरक सिद्ध झाला नाही, पण योगवर्गाला जाणारे रुग्ण पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगले परतले.

यावर काही सभासद म्हणतील, "साहेब, आमची काळजी सोसायटीच्या कर्जाची आणि तोडीची. तिला गोळी काय करणार?" हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच म्हणतो, निम्मा उपचार दवाखान्याचा आणि निम्मा आपला. अंथरुणावरच्या माणसाला ऊस नोंद राहिली, पाणीपाळी चुकली, मुकादम दाद देत नाही, ही टोचणी लागलेली असेल तर त्याची नाडी कशी खाली येणार?

माझी सूचना अशी. ज्या घरात झटका आलेला सभासद आहे, त्या घराने गट ऑफिसला कळवावे. आमच्या विभागाने त्या प्लॉटची नोंद घरी जाऊन घ्यावी, आणि तोडणीची तारीख त्याला आधी कळवावी. संचालक मंडळाने हा नियमच करावा. घरच्यांनी डॉक्टरांना न विचारता सांगावे की झोप नाही, भीती वाटते, रडू येते. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या तक्रारीसाठी फुकट सल्ला मिळतो. आणि भावकीने, मित्रांनी भेटायला जाताना "अमक्याचे असेच झाले होते" या गोष्टी वेशीबाहेर ठेवून जावे.

खोडव्याकडे आपण दुर्लक्ष करतो, ही आमच्या विभागाची जुनी तक्रार आहे. ऊस तुटला की काम संपले असे समजतो, आणि मग बुडखे न छाटलेल्या, पाण्यावाचून राहिलेल्या फडात फुटवा कमी आला म्हणून जमिनीला दोष देतो. स्प्रिंग बसली म्हणजे फक्त तोड झाली. माणूस पुन्हा फुटायचा तर पुढची मशागत आपल्यालाच करावी लागेल. तेवढी करावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी