विश्लेषण : जुने ग्राफिक्स कार्ड विज्ञानाच्या कामाला जुंपावे का?

गेमिंगसाठी हौसेने घेतलेले ग्राफिक्स कार्ड चार-पाच वर्षांत ‘जुने’ ठरते. मग ते पडेल भावात विकले जाते किंवा कपाटात धूळ खात राहते. त्याला विज्ञानाच्या कामाला लावण्याचा मार्ग जगभर अनेकांनी स्वीकारला आहे. पण जुने कार्ड दिवसरात्र चालवणे हे दान की विजेची उधळपट्टी? आणि केवळ या कामासाठी नवे कार्ड घेणे कितपत शहाणपणाचे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे कार्डाच्या वयात नाहीत. ती काम कोणते आणि ते रोज किती तास चालणार, यात आहेत.

स्वयंसेवी वितरित संगणन म्हणजे काय?

एखाद्या संशोधनातील अवाढव्य आकडेमोडीचे छोटे तुकडे करायचे, ते इंटरनेटवरून स्वयंसेवकांच्या संगणकांकडे पाठवायचे आणि उत्तरे परत गोळा करायची, अशी ही पद्धत. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या, बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ‘सेटी ॲट होम’ने १९९९मध्ये ती घरोघरी नेली. तो प्रकल्प मार्च २०२०मध्ये थांबला, मात्र पद्धत टिकली. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा ‘फोल्डिंग ॲट होम’ २००० पासून चालू आहे. करोनाच्या काळात, मार्च २०२०मध्ये त्याची एकत्रित क्षमता एक एक्साफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला १०० कोटी अब्ज गणितांच्या पुढे गेली होती. ‘आइनस्टाइन ॲट होम’च्या स्वयंसेवकांच्या संगणकांनी २०१०मध्ये एक नवा पल्सार हुडकला. त्यातील एक संगणक अमेरिकेतील आयोवात होता, तर दुसरा जर्मनीतील माइन्झमध्ये. हाच प्रकल्प अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या नोंदींत अखंड गुरुत्वीय लहरींचा शोध घेतो. त्याच कुळातील लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहत आहे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे.

नव्या आणि जुन्या कार्डांत फरक किती?

एकाच वर्गातील दोन कार्डे घेऊ. एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे २०१६चे कार्ड जास्तीत जास्त १२० वॉट वीज घेते आणि सेकंदाला सुमारे ४.४ टेराफ्लॉप गणिते करते. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते. २०२३चे आरटीएक्स ४०६० हे ११५ वॉटवर सुमारे १५ टेराफ्लॉप देते. वीज जवळपास तितकीच, काम मात्र साडेतीन पटींच्या घरात. जुने कार्ड २४ तासांत जे काम करील ते नवे सात तासांत उरकेल. त्यासाठी जुन्याला २.८८ युनिट वीज लागेल, नव्याला ०.८ युनिट. हे कागदावरचे आकडे आहेत, प्रत्यक्षात फरक कमी-जास्त होतो. पण दिशा स्पष्ट आहे. म्हणून खरी मोजपट्टी ‘कार्ड किती वेगवान’ ही नाही, तर ‘एका युनिटात किती काम’ ही आहे. जुन्या कार्डांच्या अभिमानी मालकांना ती सहसा आवडत नाही.

मग जुने कार्ड कुठेच सरस ठरत नाही का?

ठरते, आणि कधी कधी ठळकपणे. गेमसाठी सात अंकांपर्यंतची अचूकता पुरते. तिला सिंगल प्रिसिजन म्हणतात. काही वैज्ञानिक कामांना १५-१६ अंकांची, म्हणजे डबल प्रिसिजनची गरज असते. घरगुती कार्डांतील ही क्षमता कंपन्यांनी हळूहळू छाटली, कारण गेम खेळणाऱ्याला तिचा उपयोग नसतो आणि ज्यांना असतो त्यांच्यासाठी महागडी व्यावसायिक कार्डे विकता येतात. परिणामी एएमडीचे २०१२ मधील रेडिऑन एचडी ७९७० डबल प्रिसिजनमध्ये सुमारे ०.९५ टेराफ्लॉप देते, तर ११ वर्षांनी आलेले आरटीएक्स ४०६० त्याच्या जेमतेम पाव. एएमडीच्याच २०१९ मधील रेडिऑन सेव्हनची ही क्षमता सुमारे ३.४ टेराफ्लॉप आहे. २०२२मध्ये आलेले ४५० वॉटचे आरटीएक्स ४०९० तिथे १.३ टेराफ्लॉपवर अडते. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली, चार कोटी १० लाखांहून अधिक अंकांची सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या अशाच एका स्वयंसेवी प्रकल्पात सापडली. ती शोधणारे कार्ड होते एनव्हिडियाचे ए१००, म्हणजे २०२०मध्ये डेटा सेंटरसाठी आलेले, डबल प्रिसिजनमध्ये बलवान असलेले.

दुसरा मुद्दा मेमरीच्या वेगाचा. २०१७चे जीटीएक्स १०८० टीआय सेकंदाला ४८४ गिगाबाइट माहिती हलवू शकते, आरटीएक्स ४०६० फक्त २७२. ज्या कामात गणितापेक्षा माहितीची ने-आण जास्त असते, तिथे जुने कार्ड नव्याला घाम फोडू शकते.

पण अशी कामे टिकतीलच याची हमी नसते. ‘मिल्कीवे ॲट होम’चे डबल प्रिसिजन मागणारे ग्राफिक्स कार्डांवरील काम वर्षानुवर्षे जुन्या एएमडी कार्डांचे माहेरघर होते. २०२३मध्ये ते काम संपले आणि उरलेले काम फक्त मुख्य प्रोसेसरवर चालणारे आहे.

काही प्रकल्पांना वेगवान कार्डच का हवे?

‘आइनस्टाइन ॲट होम’सारख्या प्रकल्पात तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एक तुकडा उशिरा आला तरी दुसऱ्याचे अडत नाही. ‘फोल्डिंग ॲट होम’चे तसे नाही. प्रथिनाच्या हालचालीचा पुढचा टप्पा आधीच्या टप्प्याच्या उत्तरावरूनच सुरू होतो. म्हणजे ही रिले शर्यत आहे. एक धावपटू रेंगाळला की त्याच्या मागची साखळी खोळंबते. म्हणूनच तिथे लवकर काम परत करणाऱ्याला जादा गुण मिळतात आणि मुदत उलटली की तोच तुकडा दुसऱ्याकडे सोपवला जातो. मुदत वारंवार चुकवणारे जुने कार्ड अशा वेळी मदत करत नाही. ते वीज जाळून काम लांबवते. उलट छोट्या प्रथिनांच्या कामात आरटीएक्स ४०९०च्या १६ हजारांवर गणनकेंद्रांना पुरेसे कामच मिळत नाही आणि महागड्या कार्डाचा मोठा भाग रिकामा बसतो. अतिवेगवान कार्ड घेतले म्हणून काम त्याच प्रमाणात वाढेल, हा समजही त्यामुळे चुकीचा ठरतो.

वीजबिलाचे गणित काय सांगते?

२५० वॉटचे जीटीएक्स १०८० टीआय पूर्ण ताकदीने अहोरात्र चालवल्यास महिन्याला १८० युनिट जळतात. आरटीएक्स ४०६० त्याच वेळात सुमारे ८३ युनिट घेते. युनिटला दहा रुपये धरले तर फरक महिन्याला ९७० रुपयांचा. महाराष्ट्रात आणखी एक मेख आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे ओलांडले की दर चढतो. एरवी पहिल्या टप्प्यात राहणारे घर या कार्डामुळे वरच्या टप्प्यात जाते. नव्या कार्डाला ३० हजार रुपये पडले असे धरल्यास अहोरात्र वापरात ते पैसे अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात वसूल होतात. पण रोज चारच तास वापर असेल तर महिन्याची बचत १६० रुपयांच्या आसपास, आणि वसुलीला १५ वर्षे. तोवर ते ‘नवे’ कार्डही कपाटात गेलेले असेल.

शिवाय कार्ड घेते ती जवळपास सगळी वीज अखेर उष्णता होऊन खोलीत येते. जर्मनीच्या हिवाळ्यात ती उपयोगी पडते. नागपूरच्या मे महिन्यात तीच उष्णता बाहेर काढायला कूलर किंवा एसी लागतो, म्हणजे वीज दुसऱ्यांदा मोजावी लागते.

जुनी कार्डे किती काळ साथ देतील?

कार्ड बिघडण्याआधी त्याचे सॉफ्टवेअर थांबते. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांसाठी ५८० ही ड्रायव्हरची अखेरची शाखा ठरवली आहे. २०२५मध्ये आलेल्या कुडा १३ या गणनप्रणालीतूनही ही कार्डे वगळली गेली. याचा अर्थ ती उद्या बंद पडतील असा नाही. प्रकल्प जुन्या आवृत्तीवर बांधलेली कामे देत राहतील तोवर ती चालतील. पण मुदत मोजली जाऊ लागली आहे.

मग करावे काय?

केवळ स्वयंसेवेसाठी नवे कार्ड घेऊ नये. अहोरात्र चालवण्याचा पक्का निश्चय नसेल तर ते पैशाच्या गणितात बसत नाही. जुने कार्ड घरात असेल तर ते जरूर वापरावे, पण स्वतंत्र तुकड्यांचे काम देणाऱ्या प्रकल्पात, रोज ठरावीक तास आणि शक्यतो थंडीच्या दिवसांत. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ७०-८० टक्क्यांवर आणली तर वीज बरीच वाचते आणि वेग त्यामानाने थोडाच घटतो. कार्ड फार जुने असेल आणि मुदती चुकत असतील तर ते निवृत्त करावे. गुणतक्त्यावर वर चढण्याची ईर्षा हे या छंदाचे इंधन आहे, हे खरे. पण दान देणाऱ्याने आपल्या खिशातून किती गेले याबरोबरच घेणाऱ्याच्या हाती किती पडले, हेही पाहायला हवे. जुन्या कार्डाच्या बाबतीत हा हिशेब महिनाअखेरीस विजेचे बिल मांडून देतेच.