आधी मोजा, मग बदला

मंडळी, "बॅटरी गेली, नवीन घाला" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. अमेरिकेत लेकाच्या मोटरहोममधले दिवे रात्री मंदावू लागले. दुकानदाराने मीटर न लावताच हे निदान केले. दोन बॅटऱ्या बदलल्या. आठवड्यात पुन्हा अंधार!

अहो, या गाडीत इंजिनाची बॅटरी वेगळी आणि दिवे, पाण्याचा पंप चालवणारी घराची वेगळी. तक्रार कोणाची, हे तरी विचारा! मग साधा मल्टिमीटर घ्या. चार्जिंग आणि सगळा वापर बंद करून काही तास थांबा. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती बरीच रिकामी. पण रिकामी म्हणजे मेलेली नव्हे! आता बाहेरची वीज जोडा. तासाभरानेही आकडा तिथेच अडकला, तर आधी चार्जर, फ्यूज आणि जोडण्या तपासा. लेकाच्या गाडीत अर्थच्या वायरचे टोक गंजलेले निघाले. वायर सोडवून पॉलिश पेपरने घासली, नट आवळला, संपले.

आपल्याकडचे काही इन्व्हर्टरवालेही तसलेच. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघण्याचेसुद्धा कष्ट नकोत.

"मावशी, तुम्ही बी.ए., तुम्हाला काय कळतंय," असे म्हणणारे भाचे हे वाचत असतीलच. बाळांनो, दशांश अपूर्णांक पाचवीतही शिकवतात :)

बॅटरी बरेच दिवस रिकामी राहिली, तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेट जमून ती खरेच मरते, हे मान्य. पण लेकाच्या जुन्या दोन बॅटऱ्या तशा मेल्या होत्या का? त्या दुकानदाराने ठेवून घेतल्या. मोजल्या कुणीच नाहीत.