टीव्हीला चिलखत, माणूस उघडा!

मंडळी, आधीच माफी मागतो. प्रवासवर्णनं, पाककृती आणि मुलांच्या कवितांच्या गर्दीत कुणी सॉकेटवर लिहितं का? पण एका उन्हाळ्यात जे घडलं, त्यानंतर गप्प बसवत नाही.

दोन कुटुंबांनी मिळून वोनमोबिल, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेतलं होतं. आदल्या रात्री त्यातला फ्रिज थंड करायला ते मित्राच्या दारात उभं केलं. मित्राने मोठ्या अभिमानाने महागडी सर्ज प्रोटेक्टरची पट्टी काढली. "आता वीज कोसळली तरी बेहत्तर!" केबल पुरेना, म्हणून मध्ये पुण्याहून आणलेला एक्स्टेंशन बोर्ड, आणि तो जर्मन सॉकेटात बसावा म्हणून दोन पिनांचा ॲडॅप्टर. पट्टीवर हिरवा दिवा लागला. सगळे खूश. तेवढ्यात ओल्या गवतात अनवाणी उभ्या असलेल्या माझ्या मुलीने दाराच्या कडीला हात लावला आणि ओरडली, "बाबा, मुंगी चावली!"

मुंगी नव्हती. चार्जरसारख्या उपकरणांतून थोडा प्रवाह नेहमीच धातूच्या सांगाड्याकडे झिरपतो. अर्थिंग असलं की तो तारेतून निमूट निघून जातो. आमचं अर्थिंग त्या ॲडॅप्टरमध्येच संपलं होतं आणि गाडी उभी होती रबरी टायरांवर. उरलेली वाट म्हणजे माझी मुलगी. प्रवाह क्षुल्लक होता म्हणून निभावलं. चार्जरमध्ये खरा बिघाड असता तर?

आणि तो हिरवा दिवा? बऱ्याच पट्ट्यांवर तो एवढंच सांगतो की आतला व्हॅरिस्टर शाबूत आहे. व्हॅरिस्टर अचानक चढलेलं व्होल्टेज न्यूट्रलकडे आणि अर्थिंगकडे वळवतो. अर्थिंगच नसेल तर त्याचं निम्मं काम तिथेच बंद पडतं. शिवाय तो उपकरण वाचवतो, माणूस नाही. माणसाला वाचवतं ते अर्थिंग आणि मीटरजवळचा एफ-ई शाल्टर, जो 30 मिलिअँपिअर गळतीच्या आतच वीज तोडतो.

"अहो, जर्मनी आहे, इथे सगळं नियमाने असतं!" हे वाक्य मी प्रत्येक पार्टीत ऐकतो. नियम आहेत, पण ते नव्या वायरिंगला. घरातल्या सर्वसाधारण सॉकेटांना एफ-ई शाल्टर सक्तीचा झाला 2007 मध्ये. आपण हौसेने घेतो ती उंच छतांची जुनी घरं त्याआधीची. पश्चिम जर्मनीत 1973 पर्यंत सॉकेटातली अर्थिंगची पट्टी सरळ न्यूट्रलला जोडत, पूर्वेकडे त्यानंतरही. अशा घरात न्यूट्रलची तार निसटली, तर वॉशिंग मशीनचा पत्राच जिवंत होतो. स्वस्त सॉकेट-टेस्टर मात्र "सगळं ठीक" म्हणत राहतो. आणि आपला लाडका स्क्रूड्रायव्हर-टेस्टर? त्याला इथले इलेक्ट्रिशियन 'ल्यूगनश्टिफ्ट' म्हणतात, म्हणजे खोटारडी पेन्सिल!

तेव्हा क्रम बदला. आधी एफ-ई शाल्टरचं 'टी' बटण दाबा. वीज गेली पाहिजे. हे दर सहा महिन्यांनी. शाल्टरच नसेल किंवा घर जुनं असेल, तर घरमालकाला लेखी कळवा आणि इलेक्ट्रिशियनकडून मोजणी करून घ्या. सॉकेट स्वतः उघडू नका. भारतातले बोर्ड आणि अर्थिंग तोडणारे ॲडॅप्टर आजच फेका. मिक्सर प्रिय असेल तर त्याला जाणकाराकडून योग्य जर्मन प्लग बसवा.

मग खुशाल सर्ज प्रोटेक्टर घ्या. व्हीडीईची खूण आणि 'टाइप 3' पाहा. एकामागे एक पट्ट्या जोडू नका: 16 अँपिअर म्हणजे 3680 वॅट, किटली आणि हीटर मिळून ते सहज ओलांडतात. आणि एकटी पट्टी वादळाला पुरत नाही. मीटरच्या बोर्डातही संरक्षण लागतं, जे 2018 च्या अखेरीपासून नव्या घरांना सक्तीचं आहे.

आपण पीएचडी, एमएस झालेली माणसं. कंपनीचा सर्व्हर पडू नये म्हणून रात्री जागतो आणि घरी वीस सेंटच्या ॲडॅप्टरवर मुलं सोपवतो. याला जुगाड म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात.

यंदा बाप्पाच्या मखराला रोषणाई करण्याआधी एवढं एक बटण दाबा. विघ्नहर्त्यावर किती भार टाकायचा, यालाही मर्यादा आहे!