पगारपत्रकाचे कोडे

कामगाराला त्याच्या घामाचे दाम पुरेपूर मिळाले पाहिजेत, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु ते दाम किती, हेच जेथे निश्चित नाही, तेथे मालकाने पगारपत्रक लिहावे तरी कसे?

भोपाळकडे पाहा. किमान वेतनाचा फेरविचार पाच वर्षांच्या आत करावा, असे १९४८ चा कायदा सांगत होता. मध्य प्रदेश सरकारने त्याला सुमारे दहा वर्षे लावली. १ एप्रिल २०२४ पासून नवे दर आले. मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्यांना स्थगिती दिली. डिसेंबरात ती उठली. मूळ दर फिरला की जादा कामाचा दुप्पट मोबदला फिरतो, मागील फरकाचा प्रश्न उभा राहतो. बड्या गिरणीच्या दिमतीला वकील असतात. गोविंदपुऱ्यातील लहान कारखान्यात मालकच कारकून! या गोंधळात प्रामाणिक माणूस भरडला जातो आणि मजुरी बुडविणाऱ्याला आयती सबब मिळते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार जुन्या कायद्यांच्या जागी वेतन संहिता आली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनात धरावी लागते. संहिता साऱ्या देशाची आहे. तेव्हा हे कोडे आपल्या गावच्या छापखान्यालाही सोडवावे लागणार.

सरकारने दर वेळेवर ठरवावेत आणि त्यांचा तक्ता मजुराला वाचता येईल अशा भाषेत लावावा. न उमगणारा कायदा पाळला जात नाही. त्याची किंमत अखेर मजूरच मोजतो.